रोमन तत्त्वज्ञान आणि आरंभीचा ख्रिस्ती विचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे हद्द धरली आहे ती साधारण इ.स.पू. पहिल्या शतकातला रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरो याच्यापासून इ.स. पाचव्या शतकातला ख्रिस्ती बिशप ऑगस्टीन याच्यापर्यंत. मूळ ग्रंथांतल्या जागांचे क्रमांक जागोजागी दिले आहेत. ते कसे वाचायचे, हे शेवटच्या प्रश्नात आहे.

'रोमन' तत्त्वज्ञान म्हणून वेगळे काही होते का? सगळे ग्रीकांचेच ना?

पंथ ग्रीकांचे, हे खरे. स्टोइक (विवेकाने आणि सद्गुणाने जगणे हेच सुख मानणारे), एपिक्युरियन (मनाला शांत ठेवणारे सुख हे ध्येय मानणारे), प्लेटोची अकादमी, सगळ्यांची मुळे अथेन्सला. रोमन लोकांनी त्यात दोन गोष्टी घातल्या. पहिली म्हणजे लॅटिन परिभाषा. सिसेरोने (इ.स.पू. १०६–४३) ग्रीक कल्पनांसाठी शब्द पाडले. आपण रोज 'क्वालिटी' आणि 'मॉरल' म्हणतो, त्यांची मूळ लॅटिन रूपे त्याच्याच लेखणीतून आली. दुसरी गोष्ट म्हणजे रोख. विश्व कशाचे बनले आहे यापेक्षा सत्ता, पैसा, राग, मरण यांच्यासमोर माणसाने कसे वागावे, याकडे रोमन लेखक वळले. पुढे लॅटिन लिहिणाऱ्या ख्रिस्ती लेखकांना हीच भाषा शाळेत मिळाली. देव, आत्मा, न्याय यांविषयी लिहायला बसले की हाताशी सिसेरोचेच शब्द असत.

स्टोइक गुरू एपिक्टेटस आणि सम्राट मार्कस ऑरेलियस यांचे ग्रंथ ग्रीक भाषेत आहेत. तरी दोघेही रोमन जगातले, म्हणून त्यांना इथेच धरतात.

संत पौलाने स्टोइक विचार घेतला होता का?

त्याला तो ठाऊक होता, एवढे खात्रीने म्हणता येते. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात अथेन्सला त्याची गाठ एपिक्युरियन आणि स्टोइक मंडळींशी पडते. तिथल्या अरीयपग टेकडीवरच्या भाषणात 'आपण त्याचा वंश आहोत' हे तुमच्याच कवींनी म्हटले आहे, असे तो सांगतो. ती ओळ अराटसच्या खगोलविषयक काव्यातली आहे. अराटस स्टोइक वर्तुळातला आणि किलिकियाचा; पौलाचे तार्सही किलिकियातच.

आता ओळ तीच असली तरी तिचे काय होते ते पाहा. अराटसचा देव म्हणजे सगळ्या विश्वात भरून राहिलेला झ्यूस. पौल त्याच ओळीवरून मूर्तिपूजेला हरकत घेतो आणि न्यायाच्या दिवसाकडे, मेलेल्यांतून उठण्याकडे वळतो. उठण्याचे नाव निघताच काही जण थट्टा करू लागतात. उसना शब्द कुठपर्यंत जुन्या अर्थाने चालतो आणि कुठे वळण घेतो, हे या सगळ्या विषयात शोधायचे असते. आणि ती जागा बहुधा बोट ठेवून दाखवता येते.

सेनेका आणि पौल यांचा पत्रव्यवहार खरा आहे का?

नाही. सेनेका हा पौलाच्याच काळातला रोमन स्टोइक लेखक. चौदा पत्रे आहेत, सेनेकाच्या नावाची आठ आणि पौलाच्या नावाची सहा. ती बहुधा चौथ्या शतकात रचली गेली. बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याने इ.स. ३९२–९३ च्या सुमारास त्यांचा उल्लेख केल्यामुळे मध्ययुगात ती खरी समजली गेली.

बनावटपणा कसा कळतो? एक, लॅटिन. सेनेकाची वाक्ये छोटी, धारदार. या पत्रांची भाषा ढिली आणि गोंधळलेली आहे. दोन, मजकूर. त्यातला सेनेका पौलाच्या विचारांची स्तुती करतो, पण शैली सुधारावी म्हणून त्याला शब्दसंपत्तीवरचे एक पुस्तक पाठवतो! पौलाची भाषा खडबडीत वाटणाऱ्या सुशिक्षित वाचकाची ही चौथ्या शतकातली अडचण आहे. तीन, आणि हा पुरावा सर्वांत वजनदार, चौथ्या शतकाच्या आरंभीचा ख्रिस्ती लेखक लॅक्टँशियस याचे मौन. त्याने सेनेका बारकाईने वाचला होता. तो लिहितो की कुणी वाट दाखवली असती तर सेनेका खऱ्या देवाचा उपासक होऊ शकला असता. ही पत्रे त्याच्या कानावर असती तर हे वाक्य लिहिलेच गेले नसते.

खरा दुवा एक आहे, तो मात्र वेगळा. सेनेकाचा थोरला भाऊ गल्लियो अखयाचा सुभेदार होता आणि करिंथ येथे पौलाला त्याच्यासमोर उभे केले होते (कृत्ये १८:१२–१७). त्याने खटला ऐकूनच घेतला नाही. डेल्फी येथील शिलालेखात त्याचे नाव येते, त्यावरून हा काळ इ.स. ५१–५२ च्या सुमाराचा ठरतो. पौलाच्या आयुष्यातल्या इतर तारखा बऱ्याच अंशी याच खुंटीला टांगलेल्या आहेत.

मग सेनेका वाचताना तो ख्रिस्ती का वाटतो?

कारण ४१ वे पत्र. देव तुझ्याजवळ आहे, तुझ्यासोबत आहे, तुझ्या आत आहे, असे तो आपल्या मित्राला, ल्युसिलियसला, लिहितो. पुढे म्हणतो, आपल्या आत एक पवित्र आत्मा वस्ती करून आहे. हे वाचून पौलाची आठवण होणारच. पण सेनेकाचा 'आत्मा' म्हणजे विश्वभर पसरलेला सूक्ष्म पण भौतिकच असा श्वास. माणसाची विवेकबुद्धी त्याचा एक अंश. तो कुणी कृपा म्हणून देत नाही, पापामुळे जात नाही, आणि त्याच्याकडे क्षमा मागायची नसते. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन सेनेकाला 'पुष्कळदा आपलाच' म्हणतो. त्यातला 'पुष्कळदा' हा शब्द गाळू नये. जेरोमने पुढे तो गाळला आणि नुसते 'आपला सेनेका' म्हटले.

योहानाच्या शुभवर्तमानातला 'शब्द' म्हणजे स्टोइकांचा लोगॉस का?

मराठी बायबलमध्ये 'प्रारंभी शब्द होता' असे आहे. ग्रीक 'लोगॉस'मध्ये शब्द, विचार, हिशेब, कारण, सुसंगती एवढे सगळे येते. मराठीत वाचताना यातला 'विवेक' आणि 'व्यवस्था' हा भाग हातातून निसटतो, आणि स्टोइकांशी असलेला धागा नेमका त्याच भागात आहे.

तो धागा उघडपणे जोडला जस्टिनने. तो आजच्या नाब्लुसचा, पण रोममध्ये शिकवत असे. स्टोइक मानत की विश्वाच्या विवेकाची बीजे सगळीकडे पेरलेली आहेत. जस्टिनने ही बीजाची कल्पना उचलली आणि म्हटले की हेराक्लिटस, सॉक्रेटिस, अगदी जवळच्या काळातला रोमन स्टोइक म्युसोनियस, यांना जे खरे सापडले ते त्या बीजामुळे. ख्रिस्तात मात्र सगळा लोगॉस आला. एवढ्या एका युक्तिवादाने 'तुमच्या आधीचे सगळे शहाणे वाया गेले का?' या प्रश्नाला उत्तर मिळाले.

जस्टिन गुरू शोधत कसा हिंडला, हे त्याने स्वतः सांगितले आहे. स्टोइक गुरूला देवाच्या ज्ञानात रस नव्हता. अरिस्टॉटलच्या पंथाच्या गुरूने थोड्याच दिवसांत फीचा विषय काढला. पायथागोरसपंथीयाने आधी संगीत, खगोल आणि भूमिती शिकून ये म्हणून परत पाठवले. प्लेटोवाद्याकडे मन रमले. ख्रिस्ती झाल्यावरही त्याने तत्त्वज्ञाचा झगा उतरवला नाही.

मार्कस ऑरेलियससारख्या तत्त्वज्ञ सम्राटाच्या राज्यात ख्रिस्ती मारले गेले, हे खरे का?

खरे. याच जस्टिनला इ.स. १६५ च्या सुमारास रोममध्ये देहदंड झाला. शिक्षा सुनावणारा नगराधिकारी जुनियस रस्टिकस होता. 'आत्मचिंतन' या वहीत (१.७) मार्कस ज्याचे आभार मानतो तोच हा. म्युसोनियसचा शिष्य एपिक्टेटस याची टिपणे त्यानेच मार्कसच्या हाती दिली होती. म्हणजे आरोपी आणि न्यायाधीश दोघेही म्युसोनियसच्या परंपरेचा आदर करणारे. रस्टिकसच्या दृष्टीने प्रश्न विचारांचा नव्हताच. देवांना यज्ञ करण्याची आज्ञा पाळतोस की नाही, एवढाच होता. तत्त्वज्ञानातली जवळीक माणसाला वाचवतेच असे नाही, आणि हे विसरून या काळाचा इतिहास फार गोड करून सांगितला जातो.

टर्टुलियन तत्त्वज्ञानाचा शत्रू होता ना?

'अथेन्सचा जेरुसलेमशी काय संबंध?' हे वाक्य त्याचेच. तत्त्वज्ञानातून पाखंड जन्मते, असे त्याचे म्हणणे. पण हाच टर्टुलियन आत्म्यावर ग्रंथ लिहिताना झेनो, क्लीअँथिस, क्रिसिपस या स्टोइकांना साक्षीला बोलावतो आणि आत्मा भौतिक आहे असे ठरवतो. युक्तिवाद क्लीअँथिसचा : लाज वाटली की चेहरा लाल होतो, भीती वाटली की पांढरा पडतो, शरीर आणि आत्मा एकमेकांना असे लागत असतील तर दोन्ही एकाच जातीचे. बहुतेक नंतरच्या ख्रिस्ती विचारकांनी हे मत सोडले.

त्याच्या नावावर खपणारे 'क्रेदो क्विया अब्सुर्दुम', म्हणजे 'विसंगत आहे म्हणूनच माझा विश्वास', हे वाक्य त्याने लिहिलेले नाही. देवपुत्राच्या मरणाविषयी तो लिहितो ते 'क्रेदिबिले एस्त, क्विया इनेप्तुम एस्त', म्हणजे 'अशोभनीय आहे म्हणूनच विश्वासार्ह'. विवेक सोडून द्या, असे त्यात नाही.

सिसेरोचा प्रभाव सर्वांत स्पष्ट कुठे दिसतो?

अँब्रोजमध्ये. एकच प्रश्न खोलात जाऊन पाहायचा असेल तर हा पाहावा, कारण दोन्ही ग्रंथ हाती आहेत आणि शेजारी ठेवून वाचता येतात.

सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये, स्वतःच्या खुनाच्या जेमतेम वर्षभर आधी, 'दे ऑफिकिइस' म्हणजे 'कर्तव्यांविषयी' लिहिले. अथेन्सला शिकणाऱ्या मुलाला, मार्कसला, उद्देशून. भाग तीन : उचित काय, हिताचे काय, आणि दोघांत झगडा आला तर काय. चारशेहून अधिक वर्षांनी मिलानचा बिशप अँब्रोज आपल्या धर्मसेवकांसाठी त्याच नावाचा, त्याच तीन भागांचा ग्रंथ लिहितो. तो स्वतः आधी त्या प्रांताचा रोमन सुभेदार होता, इ.स. ३७४ मध्ये बिशप म्हणून निवड झाली तेव्हा त्याचा बाप्तिस्माही व्हायचा होता. राज्यकारभाराचे हे पुस्तक त्याच्या अंगवळणी पडलेले होते.

चार सद्गुण तसेच ठेवले : विवेक, न्याय, धैर्य, संयम. त्यांना 'कार्डिनल' हे नाव पहिल्यांदा अँब्रोजकडेच मिळते. लॅटिन 'कार्दो' म्हणजे दाराची बिजागरी. उदाहरणे बदलली. रोमन सेनापती गेले, अब्राहाम, योसेफ, दावीद आले. इथवर वाचून बरेच जण थांबतात आणि 'अँब्रोजने नक्कल केली' म्हणतात. पुढची तीन ठिकाणे पाहिल्याशिवाय असे म्हणू नये.

पहिले ठिकाण न्यायाच्या व्याख्येचे. सिसेरो म्हणतो (१.२०), न्यायाचे पहिले काम म्हणजे कुणाला इजा न करणे, आधी त्याने आगळीक केली असेल तर गोष्ट वेगळी. अँब्रोज (१.१३१) हे वाक्य घेतो आणि शेवटची सवलत कापतो. सुवार्तेला ती मान्य नाही, म्हणतो.

दुसरे त्याला लागूनच. सिसेरो म्हणतो, सार्वजनिक ते सर्वांचे म्हणून वापरावे, खाजगी ते आपले म्हणून. अँब्रोज (१.१३२) उत्तर देतो : निसर्गाने सगळे सर्वांसाठी दिले; खाजगी हक्क बळकावण्यातून आला. दानधर्माकडे पाहण्याची दृष्टीच इथे पालटते. गरिबाला देणे म्हणजे त्याचेच त्याला परत करणे.

तिसरे, जहाज फुटल्यावर हाती आलेल्या फळीचे. सिसेरोकडे (३.८९–९०) हा पेच स्टोइक हेकाटोकडून आला : मूर्खाच्या हाती फळी आहे, शहाण्याने ती हिसकावावी का? नाही, तो अन्याय होईल. आणि दोघेही शहाणे असतील तर? ज्याचे जगणे स्वतःसाठी किंवा राज्यासाठी अधिक मोलाचे, त्याला दुसऱ्याने फळी द्यावी. अँब्रोज (३.२७) या मोजमापात शिरतच नाही. ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याच्या मरणावर आपला जीव वाचवू नये, शस्त्रधारी लुटारू अंगावर आला तरी उलटून मारू नये. उपयुक्ततेचा हिशेब एका फटक्यात बंद.

जेरोमला पडलेले स्वप्न काय होते?

न्यायासनापुढे उभे करून त्याला विचारले, तू कोण? 'ख्रिस्ती' असे उत्तर देताच आवाज आला : 'खोटे बोलतोस, तू सिसेरोचा आहेस, ख्रिस्ताचा नाहीस.' फटकेही बसले. हे त्याने २२ व्या पत्रात सांगितले. पुढे ७० व्या पत्रात त्याने याच विषयावर तोडगा दिला : बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात (अध्याय २१) बंदिवान स्त्रीचे केस आणि नखे कापून तिला घरात घ्यायला सांगितले आहे, तसे परक्या विद्येचे करावे.

स्टोइकांचे 'विकार नकोत' हे मत ख्रिस्ती लोकांनी स्वीकारले का?

अर्धे. आणि ते अर्धे नेमके कोणते, हे समजून घेण्यासारखे आहे.

सेनेका रागावरच्या ग्रंथात (२.२–४) तीन पायऱ्या सांगतो. पहिली हालचाल आपोआप होते : अंगावर काटा, दचकणे. दुसरीत मन तिला रुकार देते, 'हो, याचा सूड घ्यायलाच हवा.' तिसरीत राग हाताबाहेर जातो. स्टोइकांच्या मते विकार म्हणजे दुसरी पायरी. पहिलीला दोष नाही.

मठवासी इव्हॅग्रियसने (मृत्यू इ.स. ३९९) इजिप्तच्या वाळवंटात हीच पायरीवार मांडणी वापरली. वाईट विचार मनात येणे आपल्या हाती नाही. त्यांनी रेंगाळावे की नाही, हे आपल्या हाती. त्याने असे आठ विचार मोजले. खादाडपणा, व्यभिचार, लोभ, खिन्नता, राग, मरगळ, लौकिकाची हाव, गर्व. मठवासी लेखक कॅसियनने ही यादी लॅटिनमध्ये नेली, आणि पोप पहिला ग्रेगरी याने सहाव्या शतकाच्या अखेरीस तिची फेरमांडणी केली. आजची 'सात घातक पापे' तिथून आली. कबुलीला बसलेल्या माणसाला 'नुसता विचार आला की तुम्ही त्याला होकार दिला?' असे विचारतात, त्यामागे सेनेकाची दुसरी पायरी आहे.

उरलेले अर्धे ऑगस्टीनने नाकारले. 'देवाचे नगर' ९.४ मध्ये तो रोमन लेखक ऑलस गेलियसची गोष्ट सांगतो. वादळात जहाज सापडते, जहाजावरचा स्टोइक तत्त्वज्ञ पांढराफटक पडतो. वादळ ओसरल्यावर एक श्रीमंत प्रवासी त्याला टोमणा मारतो. तत्त्वज्ञ पिशवीतून एपिक्टेटसचा ग्रंथ काढून दाखवतो की पहिली थरथर शहाण्यालाही चुकत नाही. ऑगस्टीनचा निवाडा असा : मग इतर पंथांशी तुमचे भांडण शब्दांचेच. जीव जाईल असे वाटले म्हणून तर रंग उडाला! १४.९ मध्ये तो पुढे जातो. येशू लाजराच्या थडग्यापाशी रडला, पौल अश्रूंनी लिहितो. प्रेम योग्य ठिकाणी असेल तर दुःख आणि भीतीही योग्य. जेरोमचे मत आणखी कडक : विकारच नसलेला माणूस एक तर दगड असेल, नाही तर देव.

हा स्टोइक ज्ञानी म्हणजे गीतेतला स्थितप्रज्ञच ना?

'दुःखेष्वनुद्विग्नमनाः सुखेषु विगतस्पृहः' वाचलेल्या मराठी वाचकाला असे वाटणे साहजिक आहे. वर्णन जुळते, पाया जुळत नाही. स्टोइकांकडे पुनर्जन्मातून सुटका नाही, आत्मा भौतिक आहे, आणि विकार म्हणजे बुद्धीने केलेली चूक. शिवाय त्यांचा ज्ञानी आनंद, सावधपणा आणि सदिच्छा या तीन 'चांगल्या भावना' बाळगतो. वर्णनातल्या साम्यावरून एकाने दुसऱ्याकडून घेतले, असे ठरवू नये. सेनेका आणि पौल यांच्याबाबतीत झालेली चूक हीच.

ऑगस्टीनवर रोमन तत्त्वज्ञानाचा परिणाम कोणत्या क्रमाने झाला?

एकोणिसाव्या वर्षी कार्थेजला सिसेरोचा 'हॉर्टेन्शियस' वाचला आणि ज्ञानाची ओढ लागली. (हा ग्रंथ आज हरवला आहे, त्यातले बरेच तुकडे ऑगस्टीनमुळेच उरले.) लगेच बायबल उघडले, तर सिसेरोच्या भारदस्तपणापुढे ते फिके वाटले. मग प्रकाश आणि अंधार अशी दोन तत्त्वे मानणारा मानीपंथ, सुमारे नऊ वर्षे. मग अकादमीचा संशयवाद, तोही सिसेरोमार्फत. इ.स. ३८६ मध्ये मिलानला प्लेटोवाद्यांची पुस्तके मिळाली, मारियस व्हिक्टोरिनसने लॅटिनमध्ये आणलेली. त्यांत 'प्रारंभी शब्द होता' याचा आशय सापडला, 'शब्द देही झाला' हे मात्र सापडले नाही, असे तो 'कबुलीजबाब' ७.९ मध्ये लिहितो. इ.स. ३८७ च्या ईस्टरला अँब्रोजने त्याला बाप्तिस्मा दिला.

'देवाचे नगर' १९.१ मध्ये तो रोमन पंडित व्हॅरोचा एक हिशेब मांडतो. सर्वोच्च सुख कशात, यावर किती मते शक्य आहेत? मूळ ध्येये ४. सद्गुण त्यांच्यासाठी, ती सद्गुणासाठी, की दोन्ही आपापल्यासाठी : १२. फक्त स्वतःसाठी की समाजासाठीही : २४. निश्चित की संशयात्मक : ४८. सिनिकांच्या (लोकरीती झुगारणाऱ्या तत्त्वज्ञांच्या) वेशात की साध्या : ९६. निवांत, उद्योगी की मिश्र जीवन : २८८. ऑगस्टीन हे सगळे शांतपणे मांडतो आणि मग म्हणतो, या सगळ्यांनी सुख याच जन्मात आणि स्वतःच्या बळावर मिळवायचे ठरवले. छळातही ज्ञानी सुखीच, असे म्हणणारे स्टोइक असह्य झाल्यास आत्महत्येची मुभा देतात. जे सुखी आयुष्य मरणाने संपवावेसे वाटते ते सुखी कसे, हा त्याचा प्रश्न.

एपिक्युरियनांचे काय घेतले?

जवळजवळ काही नाही. देव माणसांची दखल घेत नाही, हे मत ख्रिस्ती लोकांना परवडणारेच नव्हते. लॅक्टँशियसने देवाच्या रागावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो त्यांच्या आणि स्टोइकांच्या विरोधात.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

'देवाचे नगर' पहिल्या पानापासून धरू नका. पहिली दहा पुस्तके रोमन धर्मावरच्या वादात जातात आणि वाचक तिसऱ्यातच थकतो. आधी सेनेकाची ४१ आणि ४७ ही पत्रे. मग कृत्ये १७:१६–३४. मग मिनुशियस फेलिक्सचा 'ऑक्टेव्हियस', छोटासा संवाद. ऑस्तियाच्या किनाऱ्यावर मुले खापऱ्या पाण्यावरून उडवत असतात, ते पाहत तीन मित्र उभे राहतात आणि मग वाद रंगतो. मांडणी सिसेरोच्या देवांवरील संवादाची आहे. त्यानंतर सिसेरोचे 'कर्तव्यांविषयी' १.१५–२० आणि अँब्रोजचा त्याच नावाचा ग्रंथ १.११५–१३२ शेजारी ठेवून. शेवटी 'देवाचे नगर' ९.४–५, १४.९, १९.१–४.

वहीत चार रकाने पाडा : शब्द, रोमन अर्थ, ख्रिस्ती अर्थ, अर्थ कुठे वळला ती जागा. चौथा रकाना रिकामा राहिला तर ते साम्य बहुधा वरवरचे असते, किंवा उतारा नीट वाचलेला नसतो.

संदर्भाचे आकडे प्रत्येक आवृत्तीत वेगळे का दिसतात?

या ग्रंथांना दोन क्रमांक असतात, प्रकरणाचे आणि परिच्छेदाचे. सिसेरो १.७.२० म्हणजे पुस्तक १, प्रकरण ७, परिच्छेद २०. परिच्छेदांची मोजणी प्रकरण बदलले तरी पुढे चालू राहते, म्हणून नुसते १.२० लिहिले तरी जागा तीच. तसेच अँब्रोज १.२८.१३१ आणि १.१३१. घोळ होतो तो कुणी १.७ लिहिले की, कारण ते सातवे प्रकरणही असू शकते आणि सातवा परिच्छेदही. अशा वेळी दोन्ही ठिकाणे उघडून पाहा. पानांचे क्रमांक देऊ नका. भाषांतर बदलले की ते निरुपयोगी होतात.